गव्हर्नरपदाचा अनुभव आणि राष्ट्राध्यक्षपद : जिमी कार्टर यांचे प्रकरण

अमेरिकेच्या आजवरच्या राष्ट्राध्यक्षांपैकी सतरा जण त्याआधी कधी ना कधी एखाद्या राज्याचे गव्हर्नर होते. १९७६ ते २००४ या काळात झालेल्या आठ निवडणुकांपैकी सात निवडणुका गव्हर्नरपद भूषवलेल्या उमेदवारांनी जिंकल्या. अपवाद एकट्या १९८८ चा, आणि त्या निवडणुकीत हरलेले मायकेल डुकाकिस हेही मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरच होते. २००८ पासून मात्र एकही आजी वा माजी गव्हर्नर व्हाइट हाउसपर्यंत पोचलेला नाही. तरीही प्रत्येक निवडणुकीत दोन-चार गव्हर्नर रिंगणात उतरतात आणि सगळ्यांचा दावा एकच असतो : सिनेटर भाषणे करतो आणि मते देतो, मी मात्र राज्य चालवले आहे, अर्थसंकल्प जुळवला आहे, हजारो कर्मचाऱ्यांकडून काम करून घेतले आहे.

हा दावा खोटा नाही, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. अमेरिकी गव्हर्नर हा आपल्याकडच्या राज्यपालासारखा नियुक्त नसतो. तो थेट जनतेकडून निवडून येतो आणि अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो. साहजिकच त्याला खरा कारभार करावा लागतो. मात्र कारभार केला म्हणजे नेमके काय शिकला, हे त्या राज्याची घटना, तिथले विधिमंडळ आणि त्याला मिळालेला काळ यांवर ठरते. हे तपासण्यासाठी जिमी कार्टर यांच्याइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. १९७१ ते १९७५ अशी चार वर्षे जॉर्जियाचे गव्हर्नरपद, दोन वर्षांचा प्रचार आणि १९७७ ते १९८१ अशी चार वर्षे राष्ट्राध्यक्षपद असा त्यांचा सरळ प्रवास आहे. जॉर्जियाच्या राजधानीत, अटलांटात, केलेल्या कित्येक गोष्टी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जवळजवळ जशाच्या तशा पुन्हा करून पाहिल्या, त्यामुळे इथे तुलना शोधत बसावी लागत नाही.

जॉर्जियातील सत्ता कशी होती

प्लेन्स या छोट्या गावात भुईमुगाचा व्यवसाय करणारे, त्याआधी नौदलात अणुपाणबुड्यांच्या कार्यक्रमात हायमन रिकोव्हर यांच्या हाताखाली काम केलेले कार्टर १९६३ पासून चार वर्षे राज्याच्या सिनेटमध्ये होते. १९६६ मध्ये गव्हर्नरपदासाठी ते लढले आणि प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच, हरले. १९७० मध्ये माजी गव्हर्नर कार्ल सँडर्स यांना हरवून त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. त्या प्रचारात वर्णभेदवादी मतदारांना दुखावणार नाही असा सूर त्यांनी जपला होता. १२ जानेवारी १९७१ च्या शपथविधीच्या भाषणात मात्र वांशिक भेदभावाचा काळ आता संपला आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि अनेक समर्थकांना धक्का दिला. १९७४ मध्ये राज्याच्या कॅपिटॉलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र लावण्यापर्यंत त्यांनी ही भूमिका निभावली.

त्या वेळच्या जॉर्जियात गव्हर्नरच्या हातात बरेच काही होते. विधिमंडळाचे नियमित अधिवेशन वर्षाला सुमारे चाळीस दिवसांपुरते मर्यादित होते. आमदार उरलेले वर्ष आपापली शेती, वकिली, दुकाने सांभाळत. महसुलाचा अंदाज गव्हर्नर ठरवत असे आणि राज्याला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नसे, म्हणजे खर्चाची मर्यादा प्रत्यक्षात गव्हर्नरच आखत असे. विनियोजन विधेयकातली एखादी बाब तेवढी कापून बाकीचे विधेयक मंजूर करण्याचा अधिकारही त्याला होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार नाही. त्याला विधेयक सगळे स्वीकारावे लागते किंवा सगळे परत पाठवावे लागते. शिवाय राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाला खरा प्रतिस्पर्धी नव्हता, त्यामुळे भांडणे होत ती पक्षाच्या आतच. लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, म्हणून स्वतंत्रपणे निवडून आलेले लेस्टर मॅडॉक्स सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवत आणि कार्टर यांना जवळजवळ प्रत्येक पावलावर विरोध करत. म्हणजे कार्टर यांची वाट अगदी मोकळी होती असेही नाही.

पण या साऱ्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती, आणि कार्टर यांच्याविषयीच्या लेखनात तिला पुरेसे महत्त्व मिळत नाही असे मला वाटते. जॉर्जियाच्या तेव्हाच्या घटनेनुसार गव्हर्नरला लागोपाठ दुसरी कारकीर्द मिळत नसे. ही तरतूद १९७६ मध्ये बदलली, पण तोवर कार्टर बाहेर पडले होते. चार वर्षांनी घरी जायचे हे पहिल्या दिवशीच ठरलेले असल्यामुळे आज दुखावलेल्या आमदाराकडे पाच वर्षांनी पुन्हा मत मागायला जावे लागेल, हा विचार त्यांना करावा लागला नाही. सुधारणा एकदाच, जोर लावून, होईल तेवढी रेटून न्यायची आणि तिचे बरेवाईट परिणाम पुढच्या गव्हर्नरने निस्तरायचे, अशी ती रचना होती. कार्टर यांच्या स्वभावाला ती फार मानवली.

खात्यांची फेररचना आणि शून्याधारित अर्थसंकल्प

गव्हर्नर म्हणून कार्टर यांची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे राज्य यंत्रणेची फेररचना. सुमारे ३०० खाती, मंडळे आणि आयोग २२ वर आणले, हे वाक्य पुढे त्यांच्या प्रचारात हजारदा आले. त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. १९७१ च्या अधिवेशनात त्यांनी असे विधेयक मंजूर करून घेतले की फेररचनेचा आराखडा गव्हर्नर मांडेल आणि विधिमंडळाने तो ठरावीक मुदतीत नाकारला नाही, तर तो आपोआप अमलात येईल. एरवी सुधारणा घडवण्यासाठी बहुमत जमवावे लागते. इथे ती रोखण्यासाठी बहुमत जमवण्याची पाळी विरोधकांवर आली. राज्याचे कर्मचारी, उद्योगांनी काही काळासाठी दिलेले लोक आणि व्यावसायिक सल्लागार यांच्या गटांनी महिनोन्महिने खात्यांची छाननी केली आणि आराखडा जवळजवळ एकसंध रूपात पार पडला.

हिशेब मांडताना दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. विसर्जित झालेल्या मंडळांपैकी कित्येकांना स्वतःचे अंदाजपत्रकच नव्हते. ती कागदावरची मंडळे होती आणि ती गेल्याने खर्च वाचण्याचा प्रश्न नव्हता. दुसरे म्हणजे आरोग्य, समाजकल्याण आणि पुनर्वसन यांची अनेक कामे एकत्र करून उभारलेले मानवी संसाधन खाते इतके अवाढव्य झाले की त्याच्या कारभाराबद्दल पुढे बराच काळ तक्रारी होत राहिल्या. राज्याचा एकूण खर्च या चार वर्षांत घटला नाही, वाढला. तरीही विखुरलेली कामे एका जबाबदार अधिकाऱ्याखाली आली, गव्हर्नरला कोणाला जाब विचारायचा हे कळू लागले, आणि हे काम खरे होते. त्याला केवळ प्रचारातली घोषणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शून्याधारित अर्थसंकल्पाची कथा अधिक बारकाईने पाहावी अशी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी विकसित केलेल्या या पद्धतीवरचा लेख कार्टर यांनी वाचला आणि पायर यांनाच जॉर्जियात बोलावून घेतले. या पद्धतीत कोणत्याही खात्याला गेल्या वर्षीचा खर्च गृहीत धरून त्यावर वाढ मागता येत नाही. खात्यातल्या प्रत्येक कार्यघटकाने आपल्या कामाचे प्रस्ताव तयार करायचे असतात : हे काम अजिबात केले नाही तर काय होईल, किमान पैशांत किती होईल, आजच्या पातळीवर किती लागतील, आणि थोडे अधिक मिळाले तर काय साधेल. समजा महामार्ग पोलिसांचे एक ठाणे आहे. त्याच्या प्रमुखाला रात्रपाळीची गस्त, अपघातांचा तपास, परवान्यांचे काम अशा प्रत्येक कामाचा असा वेगळा प्रस्ताव लिहावा लागेल. वरचा अधिकारी सगळ्या ठाण्यांचे प्रस्ताव प्राधान्यक्रमाने लावेल, त्याच्या वरचा पुन्हा लावेल, आणि शेवटी पैशांची रेषा जिथे आखली जाईल तिच्या खालचे प्रस्ताव गळतील.

कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. व्यवहारात पहिल्याच वर्षी हजारो प्रस्तावांचा ढीग जमला, जो कोणताही गव्हर्नर, अगदी रात्री जागून वाचणारे कार्टरसुद्धा, मुळातून वाचू शकत नव्हता. खात्यांनी लवकरच ओळखले की लोकांना हवेहवेसे काम यादीत खाली टाकले तर ते कापण्याचे धाडस कोणी करत नाही. पैशांची मोठी फेरवाटणी या पद्धतीने घडवून आणली असे दिसत नाही. तिचा खरा फायदा वेगळा होता : आपले खाते नेमके काय करते, हे अनेक अधिकाऱ्यांना प्रथमच लिहून काढावे लागले. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही पद्धत अनोळखी नाही, कारण १९८० च्या दशकात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आपल्या राज्यानेही शून्याधारित अर्थसंकल्प स्वीकारला होता आणि ‘झीरो बजेट’ हे शब्द तेव्हा तालुक्याच्या कचेऱ्यांपर्यंत पोचले होते.

प्रचारात हा अनुभव का चालला

डिसेंबर १९७४ मध्ये कार्टर यांनी उमेदवारी जाहीर केली आणि जानेवारी १९७५ मध्ये पद सोडले. समोरचे बहुतेक तगडे प्रतिस्पर्धी वॉशिंग्टनमधले होते : सिनेटर हेन्री जॅक्सन, सिनेटर बर्च बाय, प्रतिनिधी मॉरिस युडॉल. ते अधिवेशनात अडकलेले असताना कार्टर उमेदवारीची पहिली लढत जिथे होणार होती त्या आयोवातल्या गावागावांत फिरत होते. एका कारकिर्दीच्या त्या बंधनाचा इथे त्यांना फायदाच झाला, कारण पूर्ण वेळ प्रचार करायला ते मोकळे होते. जानेवारी १९७६ मध्ये आयोवात ‘कोणालाही बांधील नाही’ असे सांगणाऱ्यांच्या खालोखाल ते राहिले, पण नाव असलेल्या उमेदवारांत पहिले आले. फेब्रुवारीत त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकले आणि मार्चमध्ये फ्लोरिडात अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना हरवले.

वॉटरगेटचा घोटाळा आणि व्हिएतनामचे युद्ध यांनंतर वॉशिंग्टनचा अनुभव हीच उणी बाजू ठरली होती. राजधानीबाहेरचा, हिशेबाला पक्का, खरे बोलेन असे सांगणारा माजी गव्हर्नर मतदारांना हवा होता. जॉर्जियात ३०० ची २२ खाती केली, तशा १,९०० च्या घरातल्या केंद्रीय यंत्रणा २०० वर आणीन, असे कार्टर यांनी सांगितले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना २९७ विरुद्ध २४० निर्वाचक मतांनी हरवले. उमेदवारीपुरते पाहिले तर गव्हर्नरपदाने त्यांना जे द्यायचे ते पुरेपूर दिले. मात्र ज्या गुणांनी निवडणूक जिंकली त्यांतले काही गुण कारभार करताना आडवे आले. वॉशिंग्टनविरुद्ध प्रचार करून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच वॉशिंग्टनकडून मते मागायची होती.

एक नदी, दोन नकाराधिकार

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा धरणांच्या वादात आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो.

पश्चिम जॉर्जियातून वाहणाऱ्या फ्लिंट नदीवर स्प्रूएल ब्लफ येथे लष्कराच्या अभियंता दलाला मोठे धरण बांधायचे होते. केंद्राचा पैसा, रोजगार, पूरनियंत्रण, वीज, मनोरंजनासाठी जलाशय अशी नेहमीची कारणे होती आणि स्थानिक पुढाऱ्यांचा पाठिंबाही होता. कार्टर यांनी नदीतून नावेने प्रवास केला, अभियंता दलाचा अहवाल स्वतः वाचला, लाभ आणि खर्च यांचे आकडे पुन्हा मांडून पाहिले आणि लाभ फुगवलेले आहेत असा निष्कर्ष काढला. १९७३ मध्ये त्यांनी गव्हर्नर म्हणून धरणाला नकार दिला. राज्याच्या गव्हर्नरने ठाम विरोध केलेला असा प्रकल्प काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, सहसा रेटत नसे, त्यामुळे धरण झाले नाही. फ्लिंट आजही त्या टप्प्यात मोकळी वाहते. एका अभ्यासू माणसाने एक फाइल मुळातून वाचली, चूक शोधली, सही नाकारली आणि विषय संपला, असा हा सगळा क्रम होता.

२१ फेब्रुवारी १९७७ रोजी, राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम महिना झालेला असताना, कार्टर यांनी १९ जलप्रकल्पांचा निधी थांबवण्याची शिफारस काँग्रेसला कळवली. निकष तेच होते : लाभापेक्षा खर्च जास्त, पर्यावरणाची हानी, सुरक्षिततेच्या शंका. गुणवत्तेवर पाहता त्यांची बाजू बहुतेक प्रकल्पांबाबत बळकट होती, आणि पुढच्या काळात बांधून झालेल्या काही प्रकल्पांचा अनुभव पाहता ती अधिकच बळकट वाटते. पण यादीत सेंट्रल अॅरिझोना प्रकल्प होता, जो अॅरिझोनाचे सर्व नेते अनेक दशके मागत होते, आणि त्यांत पर्यावरणाचे पाठीराखे युडॉलही होते. यादीत लुइझियानातले प्रकल्प होते आणि लुइझियानाचे रसेल लाँग सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष होते; कार्टर यांच्या ऊर्जा, कर आणि कल्याणविषयक प्रत्येक विधेयकाला त्याच समितीतून जावे लागणार होते. कित्येक सदस्यांना आपल्या मतदारसंघातला प्रकल्प यादीत असल्याचे वर्तमानपत्रांतून कळले.

जॉर्जियात धरण हा एक प्रश्न होता. वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक धरणाला एक सदस्य जोडलेला होता, त्या सदस्याला एक समिती जोडलेली होती आणि त्या समितीच्या दारात राष्ट्राध्यक्षाची दुसरी दहा विधेयके उभी होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडे हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, २९२ आणि सिनेटमध्ये ६१ जागा असूनही पक्षातलेच ज्येष्ठ सदस्य विरोधात गेले. मार्चमध्येच सिनेटने मोठ्या मताधिक्याने प्रकल्पांच्या बाजूने कौल दिला. जूनमध्ये हाउसमध्ये प्रकल्प वगळण्याची दुरुस्ती फेटाळली गेली, पण तिच्या बाजूने एक तृतीयांशाहून बरीच जास्त मते पडली. नकाराधिकार मोडायला दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणजे कार्टर यांनी तो वापरला असता तर टिकला असता. मात्र या टप्प्यावर त्यांनी स्पीकर टिप ओनील यांच्याशी तडजोड केली. सुमारे निम्मे प्रकल्प त्या वर्षापुरते थांबले, निम्मे चालू राहिले. विरोधक दुखावले गेलेच होते. आता स्वतःच्या मतदारांचा रोष पत्करून राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने मत देणारे सदस्यही उघड्यावर पडले. तडजोड करायची होती तर ती यादी जाहीर करण्याआधी करायला हवी होती आणि लढायचे होते तर शेवटपर्यंत लढायला हवे होते. कार्टर यांना स्वतःलाही त्या तडजोडीचा पुढे पश्चात्ताप झाला.

ऑक्टोबर १९७८ मध्ये तशाच विधेयकावर त्यांनी नकाराधिकार वापरला आणि हाउसला तो मोडता आला नाही. या वेळी त्यांच्या माणसांनी आधी सदस्यांना भेटून मते मोजली होती. त्यांना हे जमत नव्हते असे नाही. जमायला वीस महिने लागले, आणि तोवर पहिल्या वर्षाची सद्भावना खर्च झाली होती.

माणसे आणि दालने

गव्हर्नर आपल्याबरोबर राजधानीत माणसेही आणतो. हॅमिल्टन जॉर्डन, जोडी पॉवेल, बर्ट लान्स, फ्रँक मूर, स्टुअर्ट आयझनस्टॅट ही सगळी जॉर्जियाची मंडळी व्हाइट हाउसच्या आणि अर्थसंकल्प कार्यालयाच्या किल्ल्या घेऊन बसली. जॉर्डन आणि पॉवेल तिशीच्या सुरुवातीला होते. निष्ठा आणि परस्परविश्वास यांत ही मंडळी उत्तम होती, पण काँग्रेसशी संबंध ठेवण्याची जबाबदारी असलेल्या मूर यांना काँग्रेसचा अनुभव नव्हता. शपथविधीच्या सोहळ्यात ओनील यांच्या पाहुण्यांना मागच्या जागा मिळाल्या, हा किस्सा ओनील यांनी आयुष्यभर सांगितला. प्रसंग क्षुल्लक आहे. पण ज्या राज्यात आमदार चाळीस दिवसांनी घरी जातात तिथे स्पीकरची मर्जी वर्षभर सांभाळण्याची सवय लागत नाही, हे त्यातून दिसते. लान्स यांना जॉर्जियातल्या बँकेच्या व्यवहारांवरून झालेल्या गदारोळानंतर सप्टेंबर १९७७ मध्येच जावे लागले.

कार्टर यांनी सुरुवातीला चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे व्हाइट हाउसचे कामकाज सांभाळणारा प्रमुख अधिकारी, नेमलाच नाही. गव्हर्नरला पुरेशी असलेली रचना, म्हणजे आठ-दहा विश्वासू माणसे थेट प्रमुखाकडे येणार आणि प्रमुख स्वतः कागद वाचणार, त्यांनी तशीच ठेवली. जॉर्जियाची लोकसंख्या १९७० मध्ये ४६ लाखांच्या आसपास होती; तिथे हे कसेबसे निभते. केंद्रात नाही. पहिल्याच वर्षी ऊर्जा, कर, कल्याण योजना, जलप्रकल्प, निवडणूक सुधारणा असे विषय एकाच वेळी पुढे आले आणि कोणता आधी हे कोणी ठरवले नाही. कार्टर यांचे ऊर्जा सल्लागार जेम्स श्लेसिंजर यांच्या गटाने ऊर्जा योजना तीन महिन्यांत बंद दाराआड तयार केली. हीच जॉर्जियातली पद्धत होती, तज्ज्ञांनी परिपूर्ण आराखडा करायचा आणि मग तो मांडायचा. ओनील यांनी खास समिती नेमून हाउसमधून ती काही महिन्यांत मंजूर करून दिली, पण सिनेटमध्ये तिचे तुकडे झाले आणि उरलेले ऑक्टोबर १९७८ मध्ये पाच कायद्यांच्या रूपाने बाहेर पडले.

उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मोंडेल यांना सिनेटचा अनुभव होता. कार्टर यांनी त्यांना वेस्ट विंगमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या इमारतीतच, दालन आणि खऱ्या जबाबदाऱ्या दिल्या. उपराष्ट्राध्यक्षपदाचे आजचे स्वरूप तिथून सुरू होते. आपल्यात काय उणे आहे हे त्यांना कळत होते, याचा हा पुरावा आहे.

फेररचनेचा वारसाही इथे नोंदवायला हवा. २०० यंत्रणांचे वचन पुरे झाले नाही. उलट ऊर्जा आणि शिक्षण ही दोन नवी खाती निर्माण झाली. शून्याधारित अर्थसंकल्प केंद्रात आणला गेला आणि १९८१ मध्ये नव्या प्रशासनाने तो गुंडाळला. मात्र १९७८ चा नागरी सेवा सुधारणा कायदा आणि त्याच वर्षी झालेली विमान वाहतुकीची नियंत्रणमुक्ती या दोन्ही गोष्टी टिकल्या. प्रशासन आतून कसे चालते हे पाहिलेल्या माणसाच्या हातचे काम त्यांत दिसते.

जे अटलांटात शिकता येत नाही

परराष्ट्र व्यवहार हा गव्हर्नरांवरचा नेहमीचा आक्षेप. कार्टर यांच्याबाबत निकाल संमिश्र आहे आणि आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो तितका सोपा नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाकेम बेगिन यांच्यात मध्यस्थी करताना त्यांनी मसुद्यामागून मसुदा तयार केला, नकाशे तोंडपाठ केले. फाइल मुळातून वाचण्याची जी सवय धरणांच्या राजकारणात अपुरी पडली, तीच इथे कामी आली, कारण खोली बंद होती आणि पक्ष दोनच होते. पनामा कालव्याच्या करारांसाठी त्यांनी एकेका सिनेटरला गाठून मते जमवली. ६७ मतांची गरज होती, ६८ मिळाली.

भारताशी संबंधित एक धागा इथे येतो. आई लिलियन कार्टर १९६० च्या दशकात पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतर्फे मुंबईत विक्रोळीला परिचारिका म्हणून राहिल्या होत्या, त्यामुळे या देशाविषयी कार्टर यांना आस्था होती. जानेवारी १९७८ मध्ये ते दिल्लीत आले तेव्हा त्यांचे यजमान होते मोरारजी देसाई, एके काळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. दोघेही प्रांताचा कारभार पाहून आलेले, दोघेही आपल्या मतावर ठाम. वाद होता तारापूरच्या अणुभट्ट्यांना लागणाऱ्या इंधनाचा. त्याच मार्चमध्ये कार्टर यांनी सही केलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्याने असा पुरवठा अवघड केला, आणि १९८० मध्ये त्याच कार्टर यांनी अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाचा नकार बाजूला सारून तारापूरसाठी इंधन मंजूर केले. हाउसने विरोध केला, सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी मंजुरी टिकवली. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्यानंतर भारताला दुखावणे परवडणारे नव्हते. तत्त्व आणि प्रसंग यांची अशी फारकत कोणत्याही राज्याच्या कारभारात वाट्याला येत नाही.

इराणमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांचे ४४४ दिवस आणि १९८० मध्ये १३ टक्क्यांच्या वर गेलेली महागाई यांनी शेवटी त्यांचा पराभव ठरवला. या दोन्हींसाठी कोणत्याही आधीच्या पदाने त्यांना तयार केले असते, असे मला वाटत नाही.

इतर गव्हर्नरांशी ताडून पाहता

१९८० मध्ये कार्टर यांना ४८९ विरुद्ध ४९ निर्वाचक मतांनी हरवणारे रोनाल्ड रेगन हेही गव्हर्नरच होते. पण कॅलिफोर्निया वेगळे होते : पूर्ण वेळ चालणारे, व्यावसायिक झालेले विधिमंडळ, रेगन यांच्या आठ वर्षांतला बहुतेक काळ ते विरोधी पक्षाच्या ताब्यात, आणि लागोपाठ दोन कारकिर्दी. १९७१ मध्ये कल्याण योजनांच्या सुधारणेसाठी त्यांना डेमोक्रॅटिक स्पीकर बॉब मोरेटी यांच्याशी समोरासमोर बसून कलमागून कलम घासाघीस करावी लागली. सगळे मिळत नसेल तर अर्ध्याहून अधिक घ्यायचे आणि उरलेल्यासाठी पुन्हा यायचे, हे ते तिथे शिकले. कार्टर यांना ही संधी जॉर्जियाच्या घटनेने दिलीच नव्हती. तपशिलांवर त्यांची पकड रेगन यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. कमी पडला तो दुसऱ्यांदा दार ठोठावण्याचा सराव.

म्हणून गव्हर्नर उमेदवाराविषयी मी आधी हे पाहीन : त्याच्यासमोरचे विधिमंडळ किती बलवान होते, ते त्याच्या पक्षाचे होते की विरोधकांचे, आणि आपण दुखावलेल्या माणसांकडे त्याला परत जावे लागले का. किती खाती कमी केली, हा प्रश्न त्यानंतरचा.

हा निकषही पुरा नाही, हे बिल क्लिंटन यांच्यावरून दिसते. आर्कान्सामध्ये ते एका कारकिर्दीनंतर १९८० मध्ये हरले, मतदारांची मनधरणी करून १९८२ मध्ये पुन्हा जिंकले आणि त्यानंतर दशकभर त्याच विधिमंडळाबरोबर काम केले; परत जाण्याचा धडा त्यांच्याइतका कोणी गिरवला नसेल. तरी वॉशिंग्टनमध्ये त्यांनीही चीफ ऑफ स्टाफ म्हणून आर्कान्सातल्या बालमित्रालाच, मॅक मॅक्लार्टी यांना नेमले आणि पहिल्या दीड वर्षात तशीच ओढाताण झाली. १९९४ मध्ये काँग्रेसमध्ये सोळा वर्षे काढलेले लिऑन पॅनेटा त्या जागी आले. रेगन यांनी पहिल्या दिवसापासून जेम्स बेकर यांना नेमले होते, जे कॅलिफोर्नियाचे नव्हते आणि प्रायमरीत प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांचा प्रचार चालवत होते. कार्टर यांनी हे पद भरले ते जुलै १९७९ मध्ये, मंत्रिमंडळातल्या पाच जणांच्या गच्छंतीच्या वेळी, आणि तेव्हाही ते हॅमिल्टन जॉर्डन यांनाच दिले.